हातमोजे घातले, असं म्हणायचं

मार्नी : डोळे मीट, बाबा. कल्पना कर, मी गोठ्याच्या छपरावरून पडलेय. मांडीतून रक्त येतंय. खूप. आता उघड डोळे. चल, सुरू.

वेल्डन : झालं. आवळला पट्टा.

मार्नी : नापास.

वेल्डन : अगं, वीस सेकंदंही लागली नाहीत.

मार्नी : पण ‘जागा सुरक्षित आहे’ म्हणाला नाहीस. ‘हातमोजे घातले’ म्हणाला नाहीस. परीक्षकाच्या यादीच्या या कागदावर पहिल्या दोन ओळी त्याच आहेत.

आजी : गेल्या महिन्यातही इथेच अडलं ना, जावईबापू?

वेल्डन : इथेच, आई. समोर रबरी बाहुला. हातमोजे मी घातलेले, परीक्षकाने ते बघितलेले. तरी म्हणतो, तुम्ही बोलला नाहीत, मला खूण करता येत नाही.

आजी : पण टेक्सासमध्ये तू ही परीक्षा दिली होतीस. मग इथे मोंटानात परत कशाला?

वेल्डन : रुग्णवाहिकेत उपचार करायचा तो परवाना मी सैन्याबरोबर परदेशात असताना संपला. नूतनीकरणाला चाळीस दिवसांचा उशीर. तिथले म्हणतात, तुम्ही आता इथे राहत नाही, नवा कसा देऊ? इथले म्हणतात, चालू परवाना असता तर बदलून दिला असता, आता प्रात्यक्षिक द्या. सैन्यातल्या नऊ वर्षांचा दाखला पुढे केला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, छान आहे, आणि परत दिला.

आजी : आणि शुक्रवारी पुन्हा नापास झालास तर?

वेल्डन : तर वर्षभराचा अभ्यासक्रम पहिल्यापासून. तोवर रुग्णवाहिकेवरची जागा माझ्यासाठी कोण ठेवतंय? आत्ताही मी नुसता चालकच आहे. मंगळवारी म्हाताऱ्या ऑर्विलला श्वास मिळेना. गाडीत मागे बसलेल्या सोबतिणीला सुईसाठी शीर सापडत नव्हती. मला डोळे मिटून सापडली असती. पण परवान्याशिवाय मी सुईला हात लावायचा नाही.

आजी : वाचला ना तो?

वेल्डन : वाचला. सत्तर मैल आरशात त्याचा चेहरा बघत गाडी चालवली मी.

मार्नी : मग बोल ना, बाबा. दोनच तर वाक्यं आहेत.

वेल्डन : जमत नाही गं. हात कामाला लागले की तोंड मिटतं. तिथे लढाईत आवाज झाला की आवाजाच्या दिशेने गोळी यायची. जखमी माणसाच्या तोंडावरसुद्धा हात ठेवायचो आम्ही. नऊ वर्षं मी तेच केलं, नव्या पोरांनाही तेच शिकवलं.

आजी : इथे बंदुका घरोघरी आहेत, पण त्या हरणांसाठी. परीक्षकाला कशाला घाबरतोस?

मार्नी : म्हणून तू बोलला नव्हतास?

वेल्डन : कधी?

मार्नी : मी तळ्याच्या बर्फावर पडले, हनुवटी फाटली, तेव्हा. तू पट्टी बांधलीस, उचललंस, गाडीत ठेवलंस. एक शब्द नाही. मला वाटलं, न विचारता गेले म्हणून तू रागावलायस. म्हणून मी रडलेच नाही.

(वेल्डन खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतो.)

वेल्डन : रागावलो नव्हतो, मार्नी. घाबरलो होतो.

मार्नी : मग तसं सांगायचं. परीक्षकाला नको सांगूस. जो पडलाय त्याला सांग. त्याला कुठे माहीत असतं, तू काय करतोयस ते?

आजी : ऐक, जावईबापू. एवढं सैन्यात कुणी शिकवलं नाही तुला.

वेल्डन : आणि शुक्रवारी? बाहुल्याला सांगू?

मार्नी : बाहुला म्हणजे मीच, असं समज. छपरावरून पडलेय. पुन्हा सुरू.

वेल्डन : जागा सुरक्षित आहे, मार्नी. हातमोजे घातलेत मी. आता तुझ्या मांडीवर पट्टा बांधतोय. आवळताना दुखेल. मी इथेच आहे, कुठे जात नाही.

आजी : बोलला की सगळं. कर खूण कागदावर. पेन्सिल का खाली ठेवलीस? अगं, रडायला काय झालं?

मार्नी : काही नाही, आजी. तेव्हाचं राहिलं होतं.