यंत्राचा वारा

—नाही नाही, त्या बटणाला हात लावायचा नाही, युलैडिस. छतावरचा पंखा शोभेचा समज. पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, म्हणजे नंतर कटकट नको— तुझ्या आधीची बाई कामाला चांगली होती, पण दया फार, म्हणून घरी पाठवली. उकडतंय? अगं, बारान्किया शहर आहे हे, उकडणारच! मी काय बर्फात जन्म काढला? हा पलंगावर पडलाय ना, एव्हेरार्दो, माझा नवरा— अर्धं अंग गेलं, वाचा गेली, कान तेवढे शाबूत— तर ह्याचाच नियम आहे हा. दर रविवारी ह्याचे दोस्त यायचे, जुन्या क्यूबन तबकड्या ऐकायला. तबकडी लागली की घरातले सगळे पंखे बंद. का? तर पंख्याच्या रेग्युलेटरमुळे स्पीकरमधून गुणगुण येते म्हणे. खिडक्याही बंद, रस्त्याचा आवाज नको. पलीकडच्या खोलीत माझी आई, दम्याने बेजार. "एव्हेरार्दो, जरा वारा लाव रे बाबा," म्हणायची. "एवढी बाजू होऊ द्या, सासूबाई." एका रविवारी बाजू व्हायच्या आत आई गेली. मी सांगायला आले, तर ह्याने ओठांवर बोट ठेवलं— गप्प राहा म्हणून! आणि मी राहिले उभी, गाणं संपेपर्यंत.

आणि घरात तेव्हाही एक पंखा चालूच होता, बरं का. ते बघ फळीवरचं काळं धूड— अ‍ॅम्प्लिफायर. तापतं फार. त्याच्या पाठीला ह्याने छोटा पंखा बसवला, खाली रबराच्या चकत्या, आणि वीज इतकी कमी दिलेली की पाती जेमतेम फिरतात. कान लावून लावून केलंय सगळं. शेजारच्या घरातलं मांजर घोरलेलं ऐकू येईल, पण हा पंखा नाही. यंत्राला वारा, माझ्या आईला नाही! मग मी आता काय करते— सकाळी यंत्र लावते, रेडिओवरची अ‍ॅकॉर्डियनची रडगाणी, ह्याला विषासारखी लागतात ती— खिडक्या बंद, वरचा पंखा बंद. नियम मोडायचा नाही. बघ, बघ, डोळे कसे फिरवतोय! फळीकडे, माझ्याकडे, परत फळीकडे. बोटही उचलतोय. आठवडाभर हेच चाललंय. यंत्राचा हेवा वाटतो, दुसरं काय! मी खुर्ची ओढून समोर बसते आणि कोरोसोच्या आंबट फळांचं गार सरबत पिते, सावकाश, घोट घोट. माग म्हणते वारा, माग अजून.

कुठे निघालीस? अगं, फळीकडे कशाला— मागे हात घालू नकोस, येतो वारा त्याचा, हळू येतो— येत नाही? ऐकू येणार नाहीच, पात्यासमोर हात धर. फिरत नाही? कसं फिरत नाही? सरक, मला बघू दे— आई गं, चटका बसला!... बंद पडलाय हा. केव्हापासून? कुणाला कळणार, आवाज असतो तर कळलं असतं—

आठवडाभर. म्हणजे हा... वारा मागतच नव्हता. स्वतःसाठी नव्हताच मागत. घामाने निथळत, पाठ सोलून निघाली तरी ह्याला काळजी यंत्राची! आणि मी इथे बसून सरबत पीत होते.

घे. केलं बंद यंत्र. आता ह्याच्याकडे बघ, युलैडिस. मिटले डोळे. कसा सुखाने पडलाय बघ मेला!

तू अजून इथेच? आता त्या बटणाकडे काय बघतेस— लाव, नाहीतर नको लावूस, ह्याला काय फरक पडतो! जा घरी. उद्या येऊ नकोस.