घासलेटाचा डबा

न्हाई म्हन्ले ना बाबा, डबं खाली ठिवू नको. ओट्यावर बस, पानी पी, पर घाण्याची खोली तुज्या घासलेटाला मिळायची न्हाई — रिकामी हाय म्हनून काय झालं? कावून म्हन्तोस? थू! नाक न्हाई का तुला? आमचा करडीचा दिवा जळायचा त्यो गपगुमान, अन् ह्याचा धूर! सकाळी शेंबडात बी काजळी. पाटलाच्या घरी पैली चिमनी पेटली तवा सारं नांदूरघाट पळालं बघाया — मी बी गेलते, खोटं कावून बोलू. तवापासून दिव्याला आमचं तेल कुनी घेईना. ऱ्हायलं नुसतं तळनाचं. आता म्हनं हैदराबादेत बिनतेलाचा दिवा, तारंतून पेटतो — पेटू दे मेल्याला, तुजी बी खोड मोडंल.

तळनाचं गिऱ्हाईक कुठं गेलं? रामकिसनच्या पोरीचं लगीन व्हतं. आमच्या तेलात कुरडया तळल्या, अन् सारा मांडव थुंकाया लागला — घासलेटाचा वास! तेली भेसळ करतो म्हनून चावडीवर बोलावनं. आमचं धनी, धोंडीराम, देवमानूस — म्हन्ले, चिमनी भरलेल्या हातानं मीच घाणा धरला आसंल, चूक माजी. इज्जत गेली. बैल सोडला, घाण्याला हात जोडलं, अन् दोन सालं झाली, घास उचलायच्या आधी हाताचा वास घेत्यात.

आरं, हाताचा वास कडईभर उतरतो व्हय कुठं? डबा व्हता त्यो, डबा! तुज्यासारख्याच एकानं रिकामा दिलता मला — चकचकीत, मडक्यावानी फुटायची भीती न्हाई. तीनदा राखंनं घासला, रिठ्यानं घासला, उन्हात पालथा घातला. वाटलं, गेला वास. लग्नाचं तेल त्याच्यातच भरलं म्या. सांगनार व्हते! पर चावडीवर बाईमानसानं बोलायचं न्हाई, अन् घरी आले तर त्यांचं तोंडच बघवंना. एक दिस गेला, मंग म्हैना. डबा उकिरड्यात पुरला म्या, गप बसले.

तुजे डबे हितं ऱ्हायले तर रोज त्यांच्या डोळ्यांम्होरं येतील. कवातरी ध्यानात येईल त्यांच्या — मंग कुठं तोंड लपवू? नेकनूरला जा, तितं लई खोल्या. उचल. उचल म्हन्ते ना! अन् माज्या मागं बघून रामराम कुनाला घालतोस —

आवं... तुमी कवा उठलात?