चांदीचा मुकुट आणि थर्मासमधलं पाणी

थंडीचं कौतुक मला सांगू नका. माघी गणपतीत माझ्या थोरल्या काकांनी, म्हणजे रोह्यातल्या मंडळाच्या अध्यक्षांनी, चांदीचा मुकुट न काढताच मूर्ती नदीत बुडवली. कॉलेज सोडल्यापासून ते मला वाया गेलेला म्हणतात. पण मी मालवणला स्कूबा शिकलोय, म्हणून पेणहून गुपचूप मलाच बोलावलं.

सकाळी पाणी बर्फासारखं गार. उतरण्याआधी वेटसूटच्या आत ओतायला मी थर्मासभर गरम पाणी नेलं होतं, त्यानं अंगात ऊब राहते. सिलिंडर चढवून वळलो, तर काका त्याच पाण्यानं गुळण्या करत होते.

"काका, ते माझ्या अंगासाठी होतं!"

"आम्ही लंगोटीवर उड्या मारायचो रे," माकडटोपी सावरत ते म्हणाले. "तुला एवढा रबरी कोट हाय, तरी नखरे?"

दात वाजवत मुकुट शोधून काढला. संध्याकाळी मंडळाच्या सभेत काका सांगत होते, "मी स्वतः उतरलो. पाणी लय गार, पण देवाचं काम!" टाळ्या पडल्या. मागे बसलेला मी जोरात शिंकलो.

काका थांबले. "बघा ही आजची पोरं! घरात बसून सर्दी होते यांना."