वीरमातेला विचारू नका

इथे जमलेल्या माझ्या बालाघाटकरांनो, मायबहिणींनो,

माइक माझ्यासाठी नवा नाही. आज मात्र तो हातात धरवत नाही. आमच्या गल्लीतल्या ज्या पोराला मी खांद्यावर बसवून वैनगंगेच्या घाटावर नेलं, त्याचा फोटो हार घालून समोर ठेवला आहे.

सीमेजवळच्या रस्त्यावर जवानांची गाडी स्फोटात गेली. साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. आमच्या गल्लीने मात्र त्यात आपला मंगेश शोधला. मागच्या सुट्टीत तो मला म्हणाला होता, "काका, तुम्ही माइकवर एवढे पेटता, आमच्या कॅम्पात या ना. हीटरचा खर्च वाचन." असा होता तो. बर्फात उभा राहायचा आणि आम्हाला हसवायचा.

त्याच्या सेवेपुढे मी मान झुकवतो. पण आता जे बोलणार आहे, ते काहींना आवडणार नाही.

आपल्या गावाची एक रीत पडली आहे. जवान गेला की मंडप उभा राहतो. त्याच्या आईला मंचावर बसवतात. शेवटचा वक्ता तिला विचारतो, "माते, दुसरा मुलगाही देशाला देणार?" ती मान हलवते. टाळ्या पडतात. आजचा शेवटचा वक्ता मी आहे. मघाशी आयोजकांनी माझ्या कानात तेच सांगितलं, "साहेब, पंकजची घोषणा जोरात होऊ द्या."

पंकज म्हणजे मंगेशचा धाकटा भाऊ. तो बघा, तिरंगी गमछा घालून बसवला आहे. सकाळी मी त्याला विचारलं, "बाबू, तुला जायचं आहे?" तो म्हणाला, "काका, सोचा नहीं अभी. पर आज 'ना' बोलूं भी, तो किस मुँह से बोलूं?"

आणि त्याची आई? सुमनवहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या. बाहेर बायका एकमेकींना बजावत होत्या, "रडू नका देऊ वो तिले, कॅमेरेवाले येऊन राह्यले. वीरमाता आहे ते."

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे लोकं मले रडू काहून देत नाहीत जी? आन मंचावर मले विचारतीन. नाही म्हणलं त मंगेशच्या नावाले बट्टा लागन. हौ म्हणलं त हाही जाईन. सांगा, मी कोणतं तोंड उघडू?"

आहे उत्तर कोणाजवळ? या माउलीभोवती आपण चारी बाजूंनी भिंत घातली; तिला फुलं लावली, म्हणून ती भिंत राहत नाही का?

मी आयुष्यभर राष्ट्रासाठी बोललो. आजही तेच बोलतो आहे. मंगेश भरतीला गेला तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पहाटे एकटा धावायचा. स्वतः ठरवून गेला, म्हणून ती सेवा. गर्दीसमोर आईकडून वदवून घ्यायची, ती सेवा नव्हे. ती वसुली आहे. पंकज उद्या स्वतःहून निघाला, तर स्टेशनवर त्याची पेटी मी उचलेन. पण आज या मंचावरून मी त्याची घोषणा करणार नाही. त्याच्या आईला तो प्रश्न विचारणार नाही. कोणी विचारू नये.

कुजबुज ऐकू येते आहे मला. करा. उद्या दुसऱ्या चौकात दुसरा मंडप उभा राहील, तिथे दुसरा कोणी विचारेलच. मी किती जणांना अडवणार? त्या घराभोवती आपणच उभे आहोत. एक पाऊल मागे तर सरका.

पंकज, तो गमछा काढ बाळा. आईजवळ जाऊन बस.

आता सगळे उभे राहा. मंगेशसाठी, त्याच्यासोबत गेलेल्या प्रत्येकासाठी मौन पाळू. या वेळात वहिनींना रडू आलं, मोठ्याने आलं, तर कोणी त्यांच्या तोंडाला पदर लावू नका. कोणी "उगी" म्हणू नका. कॅमेरे खाली करा.

शांत आपण राहायचं आहे. त्यांनी नाही.