गाणाऱ्यानं गावं

संध्याकाळच्या तिरुवैयारूच्या बसमध्ये, तमिळ गलक्यात, मागच्या सीटवरून घरची मराठी कानावर पडली, तशा निवृत्त राजम टीचर सावरून बसल्या. एक बाप आणि त्याची लेक भांडत होती.

"तुझा तो 'कल्लणै' बँडवाला गातो कमी, बोलतो जास्त. खरं रॉक 'वेण्णारू'वाल्यांचं. काय ड्रम्स वाजवतात!"

"वाजवतात, अप्पा. पण कावेरीतली वाळू चोरतात हे स्टेजवरून कोण बोललं? तुमचे गप्पच राहिले."

"बोलला, अन् त्याचे चार कार्यक्रम रद्द झाले. गाणाऱ्यानं गावं, साईप्रिया."

"आणि टीचरनं नुसतं शिकवावं?"

बापाचा आवाज खाली आला.

"शाळेत काही झालं?"

"झाडूवालीच्या पोरीला वर्गात वेगळं बसवत होते. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. उद्यापासून येऊ नका म्हणाले."

"कधी?"

"सोमवारी."

"अय्यो! आज शुक्रवार. चार दिवस डबा घेऊन कुठं जात होतीस?"

"राजवाड्याजवळच्या बागेत बसत होते."

"एकटीच जेवत होतीस?"

"होय."

"मला फोन करायचा होतास की. माझं ऑफिस तिथून किती लांब?"

"तुम्ही रागवाल वाटलं."

"रडू नको. सोमवारी आपण दोघं जाऊ शाळेत."

"अप्पा, तुम्हांला भांडता कुठं येतं?"

"येत नाही. तूच बोल. मी शेजारी उभा राहतो."