ताईंच्या फाईलमधली एक ओळ

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या ताई, त्यांचे यजमान, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि शेजारून येणाऱ्या जेवणाच्या वासाने चुळबुळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ताईंसमोर बोलायचं म्हणजे पुराव्यानिशीच बोलावं लागतं. पाठीमागे आम्ही त्यांना 'उलटतपासणी' म्हणतो. ताई, तुम्हाला हे माहीत आहेच, तेव्हा रागावू नका.

पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपण रुग्णालयांसाठी हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रं बनवतो. यंत्राच्या पोटात कर्नल असतो, म्हणजे सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्रॅम, आणि त्यात पडद्याशी बोलणारा ड्रायव्हर. अकरा वर्षांपूर्वी हा पडदा मधूनच गोठायचा. रुग्णाचे ठोके बदलले तरी समोर जुनीच रेघ! मी ड्रायव्हर दुरुस्त केला, ठिगळ लावलेला नवा कर्नल तयार केला, यंत्रात बसवला आणि दोन दिवस चाचणी घेतली. पडदा एकदाही गोठला नाही. मी कॉलर ताठ करून साहेबांना सांगितलं, "झालं काम!" खोकी गाडीत चढायलाही लागली.

तेवढ्यात तेव्हा माझ्या वरिष्ठ असलेल्या ताई चहाचा कप घेऊन आल्या. "आत्ता यंत्रावर कोणता कर्नल चालतोय?"

"ताई, मीच बसवलाय की नवा!"

"बसवलास ते कळलं. चालतोय कोणता?"

त्यांनी उभ्याउभ्या एक ओळ टाइप केली. क्रमांक आला तो जुन्याचा. यंत्र सुरू करताना मी नवा निवडलाच नव्हता! दोन दिवस परीक्षा घेतली जुन्याची आणि पास केलं नव्याला. जुना नेमका त्या दोन दिवसांत गोठला नाही, हा निव्वळ योगायोग. खोक्यांत भरलेला कर्नल एक मिनिटही तपासलेला नव्हता. नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. आता ती जाणार हे नक्की होतं.

ताई थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. "गाडी थांबवा. चाचणी माझ्याकडून चुकली." दार उघडं होतं. मी बाहेरच उभा होतो, आणि मूग गिळून गप्प राहिलो.

मग नवा कर्नल खरोखर चालवला, तर तिसऱ्या तासाला पडदा गोठला! ताईंनी पायरीपायरीला नोंद ठेवणारं दुसरं ठिगळ लावलं आणि चोर पकडला. पडद्याचं उत्तर येण्याआधीच ड्रायव्हर पुढे पळत होता. ते दुरुस्त करून आठवड्याभरात यंत्रं रवाना झाली. विभागप्रमुखपद मात्र ताईंना कधीच मिळालं नाही, कारण त्यांच्या फाईलमध्ये एक ओळ होती: 'चाचणीत हलगर्जीपणा'. आज त्या खुर्चीत कोण बसतं? मी.

अध्यक्षमहोदय, तेव्हाचे साहेब तुम्हीच. ती चूक माझी होती. आज सकाळी तसं लेखी देऊन आलोय. ताई, 'नको नको' अशी मान हलवू नका, आज तुमचं ऐकणार नाही. आणि बाळ, तुझ्या आईच्या हातून ती चूक झालीच नव्हती.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. माझी मोठी चूक ताईंनी अकरा वर्षं पदरात घेतली होती, ती तेवढी मी आज परत नेतोय.