रेडिएटरमधलं प्लास्टर

मुलांनो, पेणचा एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. रोह्याच्या रांगेत शाळकरी मनस्वीच्या पुढे जोहे गावचे गणपतीचे मूर्तिकार पुंडलिक आणि त्यांची आजारी बायको सगुणाबाई उभी आहेत. सगुणाबाई विचारतात,

"मेकॅनिक घरी आलेला, काय बोलला?"

"रेडिएटर तुंबला नि गाडीचं इंजिन जळलं, बोलला."

"गळत तर नुसतं पाणी होतं!"

"ते थांबावं म्हणून मीच रेडिएटरमधी प्लास्टर ओतलं गो."

"गाडी म्हंजे काय गणपतीचा मोडका हात हाय, जोडायला?"

"मला तेवढंच येतं."

"आता डायलिसिसला दर खेपेस असंच उभं ऱ्हायाचं?"

"व्हय."

"मग मला नाय जायचं. घरी चला."

एसटी आली, रांग मोडली. मनस्वीनं सगुणाबाईंना जागा मिळावी म्हणून आपलं दप्तर खिडकीतून सीटवर टाकलं आणि त्यांना चढवायला त्यांचा हात धरला.